स्प्रिंग बूट ३ ची वॉर फाइल टॉमकॅटवर चढते, लॉगमध्ये त्रुटी नाही, तरीही प्रत्येक पत्त्यावर ४०४

प्रश्न : भीमाकाठ

नमस्कार.

एका सहकारी पतसंस्थेचे सभासद-नोंदणी आणि कर्जखाती सांभाळणारे जावा वेब ॲप्लिकेशन माझ्याकडे देखभालीसाठी आहे. आजवर ते स्प्रिंग बूट (जावा ॲप्लिकेशन उभारण्याची चौकट) २.७ वर होते. त्या मालिकेचा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला असल्यामुळे आणि लेखापरीक्षणात तसा शेरा आल्यामुळे ते ३.२ वर नेण्याचे ठरले. जावा १७ आधीपासूनच होते. कोडमध्ये जिथे 'जावाएक्स.सर्व्हलेट', 'जावाएक्स.पर्सिस्टन्स' आणि 'जावाएक्स.व्हॅलिडेशन' होते तिथे 'जकार्ता' केले. कंपाइल होताना एकही तक्रार आली नाही, चाचण्या उत्तीर्ण होतात, आणि आयडीईमधून मेन क्लास चालवला की लॉगिनचे पान व्यवस्थित उघडते.

अडचण आहे ती सर्व्हरवर. तिथे उबुंटू २२.०४ असून त्याच्याच भांडारातून एपीटीने बसवलेला टॉमकॅट ९ (जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) आहे आणि त्याच्या पुढे एन्जिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा वेब सर्व्हर) उभा आहे. 'सभासद.वॉर' ही फाइल (संपूर्ण वेब ॲप्लिकेशनचा गठ्ठा) नेहमीप्रमाणे 'वेबॲप्स' फोल्डरमध्ये टाकली. कॅटलिना लॉगमध्ये आर्काइव्हचे डिप्लॉयमेंट पूर्ण झाल्याची ओळ येते, टॉमकॅटच्या मॅनेजर पानावर ॲप्लिकेशन चालू असल्याचे दिसते, 'सिव्हिअर' किंवा 'एक्सेप्शन' असा शब्द शोधूनही कुठे सापडत नाही. तरीही 'सभासद/लॉगिन' उघडले की ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही'. डॅशबोर्ड, अहवाल, एपीआयचे पत्ते, सगळीकडे तेच.

दोन गोष्टी विचित्र वाटल्या म्हणून नोंदवतो. पहिली अशी की संस्थेचा लोगो आणि एक जुनी सीएसएस फाइल मात्र त्याच 'सभासद' पत्त्याखाली उघडते. दुसरी अशी की पूर्वी डिप्लॉयमेंटला दहा-बारा सेकंद लागत, आता ते दोन-तीन सेकंदांत उरकते. सुरुवातीला मला हा नव्या आवृत्तीचा गुण वाटला होता.

मेन क्लास 'स्प्रिंगबूटसर्व्हलेटइनिशियलायझर' वरून वारसा घेतो, पॅकेजिंग वॉरच आहे, 'वर्क' फोल्डर रिकामे करून टॉमकॅट पुन्हा सुरू करून झाला. लॉगमध्ये त्रुटीच नसेल, तर शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : सर्व्हर_राखणदार

४०४ दिसल्यावर कोडमध्ये शिरण्याआधी हे ४०४ नेमके कोणी दिले ते ठरवा. तुमच्या मांडणीत ते देऊ शकणारे तिघे आहेत: एन्जिनएक्स, टॉमकॅट आणि स्प्रिंग. तिघांचीही पाने दिसायला वेगळी असतात. एन्जिनएक्सच्या पानावर आडव्या रेषेखाली त्याचे स्वतःचे नाव असते. टॉमकॅटचे पान निळ्या पट्ट्यांचे असते आणि तळाशी आवृत्ती लिहिलेली असते. स्प्रिंग बूटचे पान 'व्हाइटलेबल एरर पेज' या शीर्षकाचे, अगदी साधे असते. हे एकदा कळले की उरलेल्या दोघांकडे पाहण्याची गरज राहत नाही, आणि असे प्रश्न विचारणारे बहुतेक जण नेमकी हीच माहिती देत नाहीत.

एन्जिनएक्सला वगळण्यासाठी सर्व्हरवरच लॉगिन करून थेट टॉमकॅटच्या ८०८० पोर्टवर कर्लने तोच पत्ता मागवा. तिथे पान मिळाले आणि बाहेरून मिळाले नाही, तर 'प्रॉक्सी पास' च्या ओळीत शेवटी तिरकी रेघ आहे की नाही ते तपासा, कारण ती रेघ असली की 'लोकेशन' मध्ये जुळलेला भाग कापून त्या जागी रेघेपासूनचा भाग बसवला जातो आणि टॉमकॅटकडे भलताच पत्ता पोहोचतो. टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये कोणता पत्ता नोंदला गेला हे पाहिले की याचा निकाल लागतो.

सेटिंग्ज फाइलमध्ये 'सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ' लिहिले असेल तर बाहेरच्या टॉमकॅटवर ते पाहिलेच जात नाही. तिथे वॉर फाइलचे नाव हाच पत्त्याचा पहिला भाग असतो. आयडीईमध्ये एक पत्ता आणि सर्व्हरवर दुसरा, असे त्यामुळे होऊ शकते. तुमचा लोगो उघडतो आहे, म्हणजे हे कारण बहुधा नाही, तरी पाहून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे: लॉगमध्ये काय आहे याऐवजी काय नाही ते पाहा. स्प्रिंग बूट सुरू होताना अक्षरांनी रेखाटलेले आपले नाव आणि आवृत्ती लॉगमध्ये छापतो. तो फलक तुमच्या लॉगमध्ये दिसतो का? कॅटलिना लॉगसोबत सिस्टिमडीचा जर्नलही पाहा, कारण एपीटीने बसवलेल्या टॉमकॅटचे कन्सोलवरचे छापील तिकडे जाऊ शकते.

भीमाकाठ

तत्पर उत्तराबद्दल आभार. थेट ८०८० वर मागवले तरी ४०४ च आहे आणि पान टॉमकॅटचे आहे, तळाशी ९.०.५८ असे लिहिलेले दिसते. कॉन्टेक्स्ट-पाथ कुठेही लिहिलेला नाही.

फलकाबाबत आपला अंदाज खरा ठरला. तो कॅटलिना लॉगमध्ये नाही आणि जर्नलमध्येही नाही. मागच्या महिन्याच्या, म्हणजे २.७ च्या काळातल्या लॉगमध्ये मात्र तो आहे. सध्या दोन ओळी मिळतात: एक म्हणजे निदान एका जारमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) टीएलडी (टॅगांची वर्णने) शोधली पण ती मिळाली नाहीत अशा अर्थाची, आणि दुसरी डिप्लॉयमेंट पूर्ण झाल्याची. त्यांच्यामध्ये काहीही नाही.

उत्तर : पुणेरी_बीन

याचा अर्थ तुमचे ॲप्लिकेशन बिघडलेले नसून ते सुरूच झालेले नाही, आणि त्याचे कारण तुम्ही दिलेल्या ९.०.५८ या आकड्यातच आहे. स्प्रिंग बूट ३ टॉमकॅट ९ वर चालत नाही. ३.२ साठी टॉमकॅट १०.१ बसवा.

न चालण्याची पद्धत इतकी मूक का, हे समजून घेण्यासारखे आहे. वॉर उलगडल्यावर टॉमकॅट 'वेब-आयएनएफ/लिब' मधल्या प्रत्येक जारच्या 'मेटा-आयएनएफ/सर्व्हिसेस' फोल्डरात एका ठरावीक नावाची फाइल शोधतो. सर्व्हलेट ३.० पासून 'वेब.एक्सएमएल' शिवाय ॲप्लिकेशन उभे राहू शकते ते या यंत्रणेमुळे. टॉमकॅट ९ ज्या फाइलचा शोध घेतो तिचे नाव 'जावाएक्स.सर्व्हलेट.सर्व्हलेटकंटेनरइनिशियलायझर'. स्प्रिंग ५ च्या 'स्प्रिंग-वेब' जारमध्ये ती फाइल होती. स्प्रिंग ६ च्या जारमध्ये मात्र तिचे नाव 'जकार्ता.सर्व्हलेट.सर्व्हलेटकंटेनरइनिशियलायझर' असे आहे. टॉमकॅट ९ ला ते नाव ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने तुमची वॉर म्हणजे काही चित्रे, काही सीएसएस आणि बरेचसे निरुपयोगी जार असलेले एक साधे फोल्डर आहे. तुमचा इनिशियलायझर वर्ग मेमरीत आणला जातच नाही, त्यामुळे 'क्लास सापडला नाही' अशी त्रुटी येण्याचाही प्रसंग उद्भवत नाही. वाड्याचा दरवाजा उघडला, पण आत राहायला कोणी आलेच नाही. डिप्लॉयमेंट दोन सेकंदांत का उरकले आणि मॅनेजरला सगळे आलबेल का वाटले, याचे उत्तर हेच.

लोगोचेही तसेच. तो 'एसआरसी/मेन/वेबॲप' खाली ठेवलेला असणार. तिथल्या फाइली वॉरच्या मुळाशी जातात आणि टॉमकॅटचा डीफॉल्ट सर्व्हलेट त्या स्प्रिंगला न विचारता देऊन टाकतो. 'रिसोर्सेस/स्टॅटिक' मधली एखादी फाइल उघडून पाहा; ती 'वेब-आयएनएफ/क्लासेस' मध्ये जाते आणि स्प्रिंगशिवाय कोणालाही दिसत नाही, म्हणून तिथे ४०४ मिळायला हवे. तसे मिळाले तर माझे म्हणणे खरे धरा. खात्री आणखी पक्की करायची असेल तर टॉमकॅटच्या 'बिन' फोल्डरातील व्हर्जनची स्क्रिप्ट चालवा आणि 'स्प्रिंग-वेब' जारमधल्या फाइलींची यादी काढून 'सर्व्हिसेस' खाली कोणते नाव आहे ते पाहा.

हे नामांतर कोठून आले, हा प्रश्न हाताखालची मुले नेहमी विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. जावा ईई हा संच ओरॅकलने इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि पुढल्या वर्षी त्याला 'जकार्ता ईई' हे नाव मिळाले. 'जावाएक्स' या नावाखाली पुढचे बदल कोणत्या अटींवर करता येतील यावर दोघांचे एकमत झाले नाही. मे २०१९ मध्ये फाउंडेशनने ते उघड केले. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावे सरसकट बदलली. टॉमकॅट ९ त्या रेषेच्या अलीकडे राहिला, १० पलीकडे गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३.० ने पलीकडचा काठ धरला. दोन्ही काठांवर एकाच वेळी उभी राहील अशी स्प्रिंगची आवृत्ती नाही.

१०.० घेऊ नका. ती मालिका २०२२ मध्येच बंद झाली आहे. तसेच पॉममध्ये (मेव्हनच्या बांधणी-फाइलमध्ये) 'स्टार्टर-टॉमकॅट' ची व्याप्ती 'प्रोव्हायडेड' आहे ना ते पाहा, अन्यथा अंतर्भूत टॉमकॅटचे जार 'वेब-आयएनएफ/लिब' मध्ये जाऊन बाहेरच्या टॉमकॅटशी भांडत बसतात.

जाता जाता: 'जावाएक्स' शोधून सगळीकडे 'जकार्ता' करण्याचा मोह अनेकांना होतो. 'जावाएक्स.एसक्यूएल', 'जावाएक्स.क्रिप्टो' आणि 'जावाएक्स.नेमिंग' ही जेडीकेची स्वतःची पॅकेजेस आहेत आणि ती तशीच राहिली आहेत. तुमचे कंपाइल विनातक्रार झाले म्हणजे हे तुम्ही नीट केले आहे.

उत्तर : दुपारची_शिफ्ट

पुणेरी_बीन यांच्या निदानाशी मी सहमत आहे, उपायाशी पूर्णपणे नाही. २०२२ नंतरच्या स्प्रिंग बूट ॲप्लिकेशनला बाहेरचा टॉमकॅट हवाच कशाला? जार बांधा, सिस्टिमडीची सेवा म्हणून चालवा, एन्जिनएक्स आहेच. अंतर्भूत टॉमकॅट स्प्रिंग बूटच्या आवृत्तीबरोबरच येत असल्यामुळे असा विसंवाद पुन्हा संभवत नाही, आणि आयडीईत चालणारे सर्व्हरवर चालत नाही ही तक्रारही बरीचशी मिटते.

याची उलट बाजूही नोंदवून ठेवतो, कारण शोध घेत इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण तीच असेल. उबुंटू २४.०४ वर एपीटीने टॉमकॅट घेतला की १०.१ मिळतो. त्यावर जुनी, 'जावाएक्स' वाली वॉर टाकली तरीही ४०४ च येतो, पण लक्षणे निराळी असतात. सर्व्हलेट नुसत्या 'वेबसर्व्हलेट' ॲनोटेशनने नोंदवलेले असतील तर टॉमकॅट १०.१ ते ॲनोटेशन ओळखत नाही आणि वरच्यासारखीच शांतता मिळते. 'वेब.एक्सएमएल' मध्ये जुना लिसनर असेल तर मात्र संपूर्ण कॉन्टेक्स्ट (म्हणजे ते ॲप्लिकेशन) कोसळतो आणि कॅटलिना लॉगमध्ये एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत, तपशील संबंधित लॉगमध्ये पाहा, एवढेच येते. तो 'संबंधित लॉग' म्हणजे शेजारचीच 'लोकलहोस्ट' आणि तारीख असे नाव असलेली फाइल. ती न उघडता दिवसभर कॅटलिना लॉग वाचत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

सर्व्हर_राखणदार

जारचा सल्ला सरसकट देऊ नये असे मला वाटते. पाने जेएसपीत (सर्व्हरवर तयार होणाऱ्या जावा पानांच्या प्रकारात) असतील तर चालवण्याजोग्या जारमध्ये ती चालत नाहीत, हे स्प्रिंग बूटच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. त्यासाठी वॉरच लागते, मग ती 'जावा -जार' ने चालवा किंवा टॉमकॅटवर टाका. शिवाय त्याच टॉमकॅटवर संस्थेची इतर ॲप्लिकेशने असतील तर प्रश्न एका वॉरचा राहत नाही. भीमाकाठ, आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

असतील तर दोन मार्ग आहेत. टॉमकॅट १०.१ मध्ये 'वेबॲप्स-जावाईई' नावाचे फोल्डर तयार करून जुनी वॉर त्यात टाकली की टॉमकॅट तिच्यातली नावे स्वतः बदलून रूपांतरित प्रत 'वेबॲप्स' मध्ये ठेवतो. साध्या ॲप्लिकेशनांना हे पुरते. परावर्तनाचे (रिफ्लेक्शनचे) किंवा बाइटकोडचे खेळ करणाऱ्या जुन्या लायब्ररी असतील तर चाचणी केल्याशिवाय विसंबू नका. दुसरा, आणि माझ्या पसंतीचा मार्ग म्हणजे ९ जसाच्या तसा राहू द्यावा, १०.१ ची टार फाइल 'ऑप्ट' मध्ये उलगडून तो वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने वेगळ्या पोर्टवर चालवावा आणि कोणता पत्ता कुठे जाणार हे एन्जिनएक्सला सांगावे. शटडाउनचे ८००५ हे पोर्टही बदलायला विसरू नका. ते दोघांचे एकच राहिले तर एकाची स्क्रिप्ट दुसऱ्याला बंद करते.

भीमाकाठ

'रिसोर्सेस/स्टॅटिक' मधली फाइल खरोखरच उघडत नव्हती, आणि जारमध्ये नाव 'जकार्ता' चेच आहे. त्याच टॉमकॅटवर ठेवींचे एक जुने ॲप्लिकेशन आहे आणि त्याचा मूळ कोड आमच्याकडे नाही. शिवाय आमची अर्धी पाने जेएसपीत आहेत. म्हणून राखणदार यांचा दुसरा मार्ग घेतला. १०.१ वर वॉर टाकताच फलक आला आणि लॉगिनचे पान उघडले.

आता उरलेल्या दोन जागा. एक, मुद्रित अहवालांची पाने. त्यांचे कंट्रोलर (पत्त्याला उत्तर देणारे वर्ग) आमच्या सामायिक लायब्ररीत आहेत आणि ती जार म्हणून जोडलेली आहे. लायब्ररी नव्या नावांनी पुन्हा बांधली आहे, जार वॉरमध्ये आहे, तरी त्या पानांना ४०४. दोन, जुन्या मेन्यूतले काही दुवे, उदाहरणार्थ 'सभासद/खाती/'. हे ४०४ मात्र स्प्रिंगचे आहेत, टॉमकॅटचे नाहीत. लॉगमध्ये 'नो स्टॅटिक रिसोर्स' असे काहीतरी येते, पण आम्ही तर कोणतीही स्टॅटिक फाइल मागत नाही.

पुणेरी_बीन

त्या संदेशाने फसू नका. एखाद्या पत्त्यासाठी कंट्रोलर सापडला नाही की स्प्रिंग ती विनंती शेवटी स्टॅटिक फाइली देणाऱ्या हँडलरकडे सोपवतो, आणि त्यालाही काही मिळाले नाही की ३.२ पासून हा संदेश येतो. त्याचा खरा अर्थ 'या पत्त्याचा कंट्रोलर माझ्याकडे नोंदलेला नाही' एवढाच. यातली आणखी एक मेख सांगून ठेवतो. तुमच्या 'कंट्रोलरॲडव्हाइस' मध्ये सरसकट 'एक्सेप्शन' पकडून ५०० देण्याची सोय असेल, तर आता तीच या ४०४ लाही पकडून ५०० करून टाकते.

अहवालांचे कारण मला जवळपास निश्चित वाटते. सामायिक लायब्ररी स्वतःचे कॉन्फिगरेशन 'स्प्रिंग.फॅक्टरीज' या फाइलमधून नोंदवत असणार. ऑटो-कॉन्फिगरेशनसाठी ती फाइल वाचणे बूट ३.० ने बंद केले आहे. त्याऐवजी 'मेटा-आयएनएफ/स्प्रिंग' या फोल्डरात 'ऑटोकॉन्फिगरेशन.इम्पोर्ट्स' ने संपणारी, सुरुवातीला बूटच्या ऑटोकॉन्फिगर पॅकेजचे पूर्ण नाव असलेली फाइल लागते आणि तिच्यात प्रत्येक ओळीवर एका वर्गाचे पूर्ण नाव लिहायचे असते. २.७ ला दोन्ही प्रकार चालत असल्यामुळे तुम्हाला याची झळ लागली नाही. इथेही त्रुटी येत नाही, जुनी फाइल नुसती दुर्लक्षिली जाते. स्वॅगरची (एपीआयची माहिती दाखवणारी) पाने स्प्रिंगडॉकच्या १ च्या मालिकेवर राहिली की बूट ३ मध्ये अदृश्य होतात, त्यामागेही हेच आहे. तिथे २ ची मालिका घ्यावी लागते.

नोंदणी झाली की नाही हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ॲक्च्युएटरचा (बूटच्या देखरेखीच्या सोयीचा) 'मॅपिंग्ज' हा एंडपॉइंट तात्पुरता उघडा, किंवा 'लॉगिंग.लेव्हल.वेब' ची पातळी 'ट्रेस' करा. सुरुवातीलाच सगळ्या कंट्रोलरांचे पत्ते लॉगमध्ये उतरतात. उत्पादनाच्या सर्व्हरवर हे काम झाल्याबरोबर बंद करा.

मेन्यूच्या दुव्यांत दोष शेवटच्या तिरक्या रेघेचा आहे. स्प्रिंग ५ 'खाती' आणि 'खाती/' यांना एकच मानत असे. स्प्रिंग ६ मध्ये ते मूलतः वेगळे पत्ते आहेत. जुनी वागणूक परत आणणारा पर्याय ३.२ मध्ये आहे, पण तो कालबाह्य ठरवलेला आहे आणि स्प्रिंग ७ मध्ये काढला गेला आहे. बूट ३.४ सोबत येणाऱ्या स्प्रिंग ६.२ मध्ये 'यूआरएलहँडलरफिल्टर' मिळतो, तो हे काम रीतसर करतो. तोवर दुवे दुरुस्त करणे उत्तम. सभासदांनी ब्राउझरमध्ये जतन केलेले पत्ते तुमच्या हातात नसतील तर एन्जिनएक्समधून वळवा.

भीमाकाठ

'इम्पोर्ट्स' फाइल टाकल्यावर अहवाल उघडले. मेन्यूचे दुवे टेम्प्लेटमध्ये सुधारले आहेत. जुन्या पत्त्यांसाठी एन्जिनएक्समध्ये शेवटची रेघ काढून ३०१ ने वळवण्याचा नियम उद्या घालणार आहे. सर्वांचा आभारी आहे.

सर्व्हर_राखणदार

तो नियम घालण्याआधी दोन गोष्टी पाहा. 'सभासद/' हा खुद्द ॲप्लिकेशनच्या मुळाचा पत्ता त्यातून वगळा. टॉमकॅट रेघेशिवायचा मूळ पत्ता आला की तो रेघेसह असलेल्या पत्त्याकडे वळवतो. एन्जिनएक्स ती रेघ काढत राहिला आणि टॉमकॅट ती लावत राहिला, तर ब्राउझर काही फेऱ्यांनंतर थांबून वळवण्याच्या चक्राची तक्रार दाखवील. दुसरे, ३०१ मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची विनंती गेटमध्ये बदलतात आणि फॉर्ममधली माहिती वाटेत गळते. कर्ज-अर्जाचे फॉर्म रेघ असलेल्या पत्त्यावर जमा होत असतील तर ३०८ वापरा. त्यात विनंतीचा प्रकार आणि मजकूर दोन्ही टिकतात. मात्र ३०१ काय किंवा ३०८ काय, ब्राउझर दोन्ही लक्षात ठेवतो, म्हणून चाचणी सुरू असेपर्यंत ३०७ ठेवा आणि नियम पक्का झाल्यावरच बदला.